बर्फाचा साक्षीदार

९ फेब्रुवारी

ताई,

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोलायचं तर घरात बोलावं लागतं, आणि आप्पांचा पलंग आता बाहेरच्या खोलीत आहे. डोळे गेले, पाय गेले, पण कान असे शाबूत की भिंतीपलीकडे कारखान्यातल्या मशीनचा पट्टा जरा सैल झाला तरी माझ्याआधी त्यांना कळतं. फोन घेऊन बाहेर गेलो तर ‘कुणाशी चोरून बोलतोस रे?’ म्हणून दिवसभर पिच्छा. कारखान्यात जावं तर तिथं मशीनपुढे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. आप्पांना यातलं काही कळता कामा नये.

कर विभागाची तपासणी लागली आहे. तपासनीस तरुण आहेत, बोलायला चांगले. स्वतःच्या पाण्याची बाटली घेऊन येतात, आपला चहासुद्धा घेत नाहीत. वजनकाट्याजवळच्या टेबलाशी बसून त्यांनी वर्षभराची विजेची बिलं पाहिली. एवढ्या विजेत एवढ्या लाद्या गोठतात, असा हिशेब केला. मग विक्रीची बिलं पाहिली. दोन्हींत मोठं अंतर.

“उरलेल्या लाद्या कुठे गेल्या?”

“वितळल्या साहेब.”

“त्याला पुरावा?”

मी म्हटलं, “साहेब, गेल्या वर्षीचा बर्फ कुठून दाखवू?”

आपला गारठ्या मागे उभा होता. लाद्या ओढून ओढून हाडांत थंडी बसलेला, भर उन्हाळ्यात स्वेटर घालणारा तो गारठ्या, तुला आठवत असेल. तो खो खो हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझं वाक्य लिहून घेतलं.

तुला ठाऊक आहे, आपली टाकी एकच. गोठवायला पाण्याचे दोन डबे सोडा नाहीतर सगळे, टाकीतलं मिठाचं पाणी पूर्णच गार करावं लागतं. मंदी आल्यापासून मासळीवाल्या निम्म्यावर आल्या, हॉटेलं बंद पडली. पण एकदा टाकी बंद केली की ती पुन्हा गार करायला जी वीज लागते ती आठवड्याच्या विजेपेक्षा जास्त. म्हणून मी चालूच ठेवली. रोज सकाळी देवापुढे हात जोडून बटण दाबायचं, आज गिऱ्हाईक येईल म्हणायचं, आणि संध्याकाळी लाद्या मोरीतून वाहताना बघायच्या. साहेब म्हणतात वितळणं मान्य, पण किती ते त्यांच्या टेबलात, म्हणजे छापील तक्त्यात, दिलेलं आहे. ते टेबल पक्क्या थंड खोल्या असलेल्या कारखान्यांचं. आपल्याकडे लाकडाचा भुसा आणि गोणपाट.

शिवाय आप्पांच्या लाद्या आहेतच. कुणाच्या घरी मयत झालं आणि लांबची माणसं यायची असली की लादी द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत, आणि लिहायचंही नाही. “लिहून ठेवलं की कधीतरी मागावंसं वाटतं,” असं ते म्हणायचे. मागच्या आजारपणाच्या साथीत किती गेल्या देव जाणे. मी मोजल्या नाहीत.

आपले कर सल्लागार दर वेळी पुढची तारीख मागून आणतात आणि मोठा गड जिंकल्यासारखे येतात. गारठ्याने त्यांचं नाव तारीखवाले ठेवलं आहे.

आकडा सांगत नाही. कारखाना विकला तरी थोडं देणं उरेल, एवढं समज.

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी काळजी वाटली, दुसऱ्यांदा तुझा राग आला. साहेबासमोर विनोद करतात का? तू शाळेतही असाच होतास. गुरुजींनी गृहपाठ विचारला की तू त्यांना कोडं घालायचास.

आता नीट ऐक. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि वरिष्ठांच्या तपासण्या माझ्याही झाल्या. तपासणीला येणाऱ्या माणसाला कागद लागतो. त्याला कागद दिला की तो जातो. वितळलेल्याचा कागद नसेल, पण दिलेल्याचा होऊ शकतो. ज्या ज्या घरी मयताला लादी गेली त्या घरी जा आणि लिहून घे, की अमुक दिवशी बर्फ मिळाला, पैसे घेतले नाहीत. माणसं कृतघ्न नसतात. दुःखात धावून आलेल्याला कुणी विसरत नाही.

लाजू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पाणी मागायलाही तू दहा वेळा विचार करतोस. हे मागणं नाही. खरं काय ते सांगायला सांगणं आहे.

पैशांचं म्हणशील तर माझी ठेव आहे बँकेत. मी मोडते. आप्पांनी मला शिकवलं, कारखान्याच्या पैशावर शिकवलं. तू त्याची चिंता करू नकोस.

आप्पांना काही बोलू नकोस, हे बरोबर केलंस. त्यांना पडल्या पडल्या मशीनचा आवाज ऐकू येतोय तोवर ते सुखात आहेत.

ताई


१४ मार्च

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. कसं केलं ते माझं मला ठाऊक.

पहिल्यांदा सुताराकडे गेलो. त्याच्या वडिलांच्या वेळी गारठ्याने स्वतः लादी फोडून दिली होती. सुताराने रंधा खाली ठेवला, बसायला फळी दिली, सगळं ऐकलं. मग म्हणाला, “भाऊ, सही करीन. पण माझं नाव कागदावर गेलं की साहेब माझ्याकडे येतील का? माझंही सगळं तोंडीच असतं.” मी म्हटलं, राहू दे. उठताना त्याने माझे दोन्ही हात धरले. सही मात्र केली नाही.

मग शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. त्यांचा मुलगा गेला होता, साथीत. त्यांनी मशीन थांबवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, “किती लाद्या आल्या ते कसं सांगू? त्या दिवशी मी बर्फ मोजत होते का?” आणि रडायला लागल्या. मी कागद खिशातून बाहेरच काढला नाही. त्याच म्हणाल्या, द्या कुठे सही करायची ती. केली. अक्षर ओलं झालं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मात्र फटकन सांगितलं, “तेव्हा फुकट म्हणालात, आता वसुलीला आलात होय?” दुकानात गिऱ्हाईकं होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मी हसलो. ताई, अशा वेळी माणूस हसतो कशाला, ते मला अजून उमगलं नाही.

घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, “दिवसभर कुठे होतास?” म्हटलं, उधारी गोळा करत होतो. ते म्हणाले, “मिळाली का?” म्हटलं, थोडी. “मागताना आवाज चढवू नकोस,” म्हणाले.

सगळ्या मिळून चार सह्या झाल्या आहेत. पुढे माझ्याने जाववणार नाही. ज्या दारातून आपण खाली मान घालून बाहेर आलो होतो, त्याच दारात सहीसाठी उभं राहायचं. हे मला देवालाही सांगता येत नाही.

धाकटा


२६ मार्च

धाकट्या,

चार तर चार. चार खऱ्या सह्या म्हणजे कमी नव्हे. लगेच नेऊन दे, आणि देताना मान वर ठेव. तारीखवाल्यांच्या हाती देऊ नकोस, ते त्यावरही तारीख मागतील.

दुकानदाराचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याचाही धंदा बसलाय, बसलेला माणूस उठलेल्यावर खेकसतो.

ठेवीचं काम चालू आहे. बँकेत एक सही जुळेना म्हणतात. पुढच्या आठवड्यात होईल. मुलगा बरा आहे, त्याच्या ऑफिसातही सध्या कामं कमी आहेत म्हणून घरीच असतो. मला सोबत होते.

ताई


१८ एप्रिल

ताई,

कागद दिले. मान वर ठेवून दिले.

साहेबांनी चारही वाचले. शिवणकाम करणाऱ्या बाईंचा कागद त्यांनी जरा जास्त वेळ हातात ठेवला, असं मला वाटलं. मग मला म्हणाले, “काका, हे तुम्हाला कुणी द्यायला सांगितलं?”

तुझं नाव मी घेतलं नाही.

ते म्हणाले, “इतके दिवस माझ्याकडे नुसता संशय होता. माल कारखान्याबाहेर गेला आणि नोंद केली नाही, हे आता तुम्हीच लेखी दिलंत. फुकट दिला तरी बाजारभावाने कर लागतो. आणि या चार घरच्या लाद्यांची नोंद नाही म्हटल्यावर बाकीच्यांची होती असं मी कसं धरू?”

मी म्हटलं, “साहेब, ते कागद परत देता का?”

“आता त्यांच्यावर आवक नंबर पडला,” म्हणाले. खोटं नाही सांगत ताई, त्यांचा चेहराही उतरला होता. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

अंतिम आदेश आला. कर, त्यावर दंड, दोन्हींवर व्याज. अपील करता येतं, पण त्यासाठी आधी काही भाग भरावा लागतो. तो महिन्याच्या आत भरला नाही तर सील. तारीखवाले पहिल्यांदाच म्हणाले की आता तारीख मिळणार नाही.

तू हे वाचून स्वतःला दोष देशील. देऊ नकोस. मीही तसंच केलं असतं.

एक विचारू? तुझ्या मागच्या पाकिटावर पाठीमागे पत्ता वेगळा होता. घर बदललंस का?

धाकटा


२७ एप्रिल

धाकट्या,

दोष देऊ नकोस म्हणून कुणी दोष द्यायचा थांबतो का? मी मुलांना आयुष्यभर सांगत आले, खरं लिहा, मार्क कापले जाणार नाहीत. आता कोणत्या तोंडाने सांगू? तुझे कागद मी वर्गातल्या तपासणीसारखे समजले. वर्गात खरं बोलणाऱ्याला खाली बसवतात. तिथं उभं ठेवलं.

पत्ता वेगळा दिसला तो उगाच. घराला रंग चालू आहे म्हणून तात्पुरती एक खोली घेतली आहे. लहान आहे, पण सकाळचं ऊन छान येतं.

ठेवीचं अजून झालं नाही. बँकवाले रोज उद्या म्हणतात. मी रोज जाते. तू महिना संपेपर्यंत धीर धर. मी काहीतरी करतेच.

आप्पांना माझा नमस्कार सांग. जेवतात का नीट?

ताई


१२ मे

ताई,

पैशांची धावपळ थांबव. इथे सोय झाली आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाने मदत केली. तू ठेव मोडू नकोस, तुझ्या म्हातारपणाला ठेव. आणि बँकेत उन्हातान्हात हेलपाटे घालू नकोस. घराचा रंग आधी पुरा होऊ दे.

मशीन सध्या बंद आहे, दुरुस्ती काढली आहे. आप्पांना ती शांतता सहन होत नाही. दर थोड्या वेळाने विचारतात, “का बंद?” तेल बदलतोय म्हणून सांगतो. “एवढा वेळ तेल बदलतात का? मी काय नवा आहे?” म्हणतात. काल म्हणाले, “पाणी पडतंय कुठेतरी. नळ बघ.” मी नळ बघून आल्यासारखं केलं.

अन्न कमी झालंय. चमच्याने पेज देतो. माझी ही त्यांचे पाय चेपते, तेव्हा जरा डोळा लागतो. परवा मला जवळ बोलावून म्हणाले, “मशीन बंद आहे तर साठा संपवू नकोस. एक लादी बाजूला ठेव. कुणाला लागली तर?” म्हटलं, ठेवली आहे आप्पा.

तुला जमलं तर येऊन जा. घाई नाही. पण जमलं तर.

धाकटा


११ जून

धाकट्या,

काल इकडे परत पोचले. तिकडे येताना गाडीत रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आप्पांचा हात शेवटचा हातात धरायला मिळाला, तो गार होता तरी, हे माझं भाग्य. तू माणसांना थांबवून ठेवलंस म्हणून ते झालं.

तिथं घर भरलेलं होतं, म्हणून काही बोलले नाही. आता बोलते. उतरल्या उतरल्या मी कारखान्याच्या दारावरचं सील पाहिलं. लाल लाखेचं, वर सही. खालच्या फटीतून पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत आला होता आणि रिक्षावाला म्हणाला, मावशी, पाय सांभाळून. म्हणजे गिऱ्हाइकाची मदत, मशीनची दुरुस्ती, सगळं तू मला आप्पांसारखंच सांगत होतास.

पण तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही. घराला रंग लागलेला नाही. घर राहिलेलंच नाही. मुलाची नोकरी मागच्या वर्षीच गेली. त्याचं कर्ज फेडण्यात ठेव तेव्हाच मोडली होती. तुला पैसे देते म्हणाले त्या दिवशी बँकेत माझं काही नव्हतं. वाटलं होतं, म्हणत राहिले तर कुठूनतरी येतील. तू कळून न कळल्यासारखं केलंस, ‘घराचा रंग पुरा होऊ दे’ असं लिहिलंस, ते वाचून मी त्या सकाळच्या उन्हात बसून रडले.

एकच विचारायचं आहे. आप्पांच्या खालच्या गोणपाटावर दुसऱ्याच कारखान्याची खूण होती. ते कुठून आणलंस?

ताई


३ जुलै

ताई,

उशीर झाला. लिहायला बसायचो आणि उठायचो.

आप्पा गेले ते पहाटे. तू पोचेपर्यंत थांबायचं होतं, आणि उन्हाळा. मी सवयीने किल्ली घेऊन कारखान्यापर्यंत गेलो. सील बघून मग आठवलं. आप्पांनी बाजूला ठेवायला सांगितलेली लादी खरोखरच ठेवली होती मी, ताई. सील लावायच्या आदल्या दिवशी, भुशात, कोपऱ्यात. ती बाकीच्या साठ्याबरोबर दारापलीकडे होती आणि त्याचंच पाणी माझ्या चपलांखालून चाललं होतं. दार ढकललं असतं तर लाख तुटली असती, बाकी काही नाही. मी ढकललं नाही. आप्पांनाही ते आवडलं नसतं, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे भीती वाटली.

मग गावाच्या पलीकडच्या टोकाला जे बर्फवाले आहेत त्यांच्याकडे गेलो. इतकी वर्षं आमची चढाओढ. मला बघून ते खुर्चीतून उठले. काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चांगल्या पांढऱ्या लाद्या निवडून हातगाडीवर चढवायला लावल्या. मी जायला वळलो तर म्हणाले, “भाऊ, जरा थांबा.”

त्यांनी बिलबुक काढलं.

“माझ्या आईच्या वेळी माझी मशीन बंद होती, तुमच्या आप्पांनी लादी पाठवली होती. हे मी विसरलेलो नाही. पण रागावू नका. तुमचं जे झालं ते बघितल्यापासून मी बिलाशिवाय बर्फाचा तुकडा सोडत नाही. बिल तुमच्या नावाने फाडतो, पैसे माझे मी टाकतो.”

मी म्हटलं, “नको. पैसे मीच देतो.”

‘कशासाठी’ अशा रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. माझ्याकडे न बघता त्यांनी ‘घरगुती’ लिहिलं. खाली कर वेगळा दाखवला, बेरीज केली. आप्पांच्या अंगाखाली जो बर्फ होता तो हा, ताई. विकतचा. ते बिल मी त्यांच्या उशाच्या फळीवर ठेवलं आहे, देवाच्या तसबिरीमागे. फाडवत नाही आणि बघवतही नाही.

आता कालचं सांगतो. लिलावाआधी यादी करायला साहेबांनी सील उघडलं. मी होतो, गारठ्या होता, त्यांचा शिपाई होता. आत अंधार, ओल्या भुशाचा वास. शिपाई यादी वाचत गेला. कॉम्प्रेसर, आहे. डबे, आहेत. क्रेन, आहे. काटा, आहे. मग तो थांबला. सील लावताना त्यांनी साठ्याच्या लाद्याही मोजून लिहिल्या होत्या.

“साहेब, इथं चाळीस लाद्या लिहिल्यात.”

साहेबांनी आत बघितलं. नुसतं गोणपाट पसरलेलं होतं, वाळून कडक झालेलं.

शिपाई म्हणाला, “सील तर तुटलं नव्हतं साहेब. मग गेल्या कुठे?”

मी गारठ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा हसणार. तो हसला नाही. स्वेटरच्या बाह्या खाली ओढून तो दुसरीकडे बघायला लागला.

साहेबांनी वाकून एक गोणपाट उचलून बघितलं. मग त्यांनी लिहिलं, आणि पद्धतीप्रमाणे मोठ्याने वाचलं, ‘साठ्यातील सर्व बर्फ वितळल्याने शिल्लक निरंक.’

मी विचारलं, “सर्व? तुमच्या टेबलात किती टक्के आहे साहेब?”

“ते टेबल चालू कारखान्याचं असतं काका. बंदला लागत नाही.”

“मग हे माझ्या मागच्या फाईलला जोडता येईल का? म्हणजे, बर्फ वितळतो म्हणून?”

त्यांनी मान हलवली. “ती फाईल वेगळी. तिचा निकाल झाला.” आवाज हळू होता. मग त्यांनी आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी दोन घोट प्यायलो. पाणी कोमट होतं.

यादी पुरी झाल्यावर खाली दोन साक्षीदार हवे होते, बर्फ वितळला याची खात्री पटली असं म्हणणारे. गारठ्याने वाकडीतिकडी सही केली. मग कागद माझ्याकडे आला. साहेब म्हणाले, “तुमची हरकत नसेल तर.”

मी सही केली.

धाकटा